रेब्बेंचं शेवटचं ताट

रेब्बेंचे थोरले चिरंजीव स्वयंपाकघरात आले तेव्हा मी कांदे चिरत होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्यांना वाटलं, मी रेब्बेंसाठी रडतेय. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मोठ्या माणसांना आपल्याबद्दल काही चांगलं वाटत असेल तर वाटू द्यावं.

सुतकाचे दिवस होते. थोरल्यांच्या अंगावर त्यांच्या सुतकाच्या रिवाजाप्रमाणे गळ्याशी फाडलेला काळा कोट होता आणि पायांत नुसते मोजे. आठ वर्षं मी त्या घरात राबत होते, पण गेर्शोन नावाच्या या माणसाने स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला चक्क नावाने हाक मारली. माझं नाव त्यांना माहीत आहे, ही बातमी मला तेव्हाच लागली.

“लेया, त्या दुपारी वडिलांच्या खोलीत तूच होतीस ना?”

“होते.”

“ते जेवले?”

“जेवले.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “ताट कोणाला दिलं?”

मी कांद्याची दुसरी फोड घेतली. या प्रश्नासाठी मोठा माणूस मोज्यांवर जिना उतरून का आला, हे सांगायचं तर आधी त्या घराण्याचं सांगावं लागेल.

मी लेयाबाई थळकर. कुलाबा जिल्ह्यातली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. आमच्या घरी तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. नवरा म्हणाला, आपला खरा देश तिकडे आहे, म्हणून इस्राएलला आलो. तिसऱ्या वर्षी नवरा देवाघरी गेला आणि खऱ्या देशात मी आणि माझी मुलगी मलका अशा दोघी उरलो. मग ब्नेई ब्राक गावात ड्रोशिनच्या रेब्बेंकडे स्वयंपाकाला लागले.

रेब्बे म्हणजे गादीवरचे गुरू. ड्रोशिन हे पोलंडातलं कुठलंसं चिखलाचं गाव. तिथे पाच पिढ्यांपूर्वी या गादीचा पहिला पुरुष बसला. बैठकीच्या भिंतीवर त्या सगळ्यांच्या तसबिरी होत्या. सगळे एकसारखे दिसायचे, दाढीत डोळे. पहिल्याने म्हणे पुराच्या नदीला दटावून मागे पाठवलं. दुसरा बारा वर्षं एक शब्द बोलला नाही. तिसऱ्याला भाऊ होता, आणि दोघांनी मिळून बारा वर्षांची ती सगळी भरपाई केली.

या घराण्यात गादी कागदावर लिहून देत नसत. ती उष्ट्याने द्यायची रीत होती. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, जेवणाला रेब्बेंपुढे ताट यायचं. ते एक घास खायचे आणि ताट पुढे सरकवायचे. की शे-दोनशे दाढीवाले त्या ताटावर तुटून पडायचे. माशाचा काटा मिळाला तरी माणूस तो रुमालात बांधून घरी न्यायचा. आमच्याकडे नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवायची, पण ती भांडी कमी घासावी लागावीत म्हणून. इथे तेच पुण्य होतं. आणि मरताना रेब्बे आपलं शेवटचं उष्टं ज्याच्या हाती देईल, तो पुढचा रेब्बे. पहिल्याने दुसऱ्याला काळ्या पावाचा तुकडा दिला. दुसऱ्या रेब्बेने मात्र आपल्या एका मुलाला वाटीतलं सूप दिलं आणि त्याच्या भावाला चमचा. झालं. सूपवाले वेगळे, चमचेवाले वेगळे. कोकणात बांधावरून भाऊबंदकी होते, म्हणून मी आमच्या लोकांना मागासलेले समजत होते. तिथे गेल्यावर माझा गावाबद्दलचा अभिमान वाढला.

चौथे रेब्बे जर्मन आले त्या लढाईत गेले. त्यांच्याबरोबर ड्रोशिन गाव गेलं, सूपवाले गेले, चमचेवालेही गेले. त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. वाचलेले पाचवे, ते आमचे रेब्बे, मोर्देखाई. तेच त्या दुपारी वारले. शेवटचं ताट मी नेलं होतं आणि खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

“ताटाचं तर मला आठवावं लागेल,” मी थोरल्यांना म्हटलं.

“आठव,” ते म्हणाले. “तुझ्या मुलीचं लग्न अडलंय असं कोपेल सांगत होता.”

कोपेल म्हणजे रेब्बेंचा कारभारी. त्याला न विचारता त्या घरात मांजरसुद्धा अंग चाटत नसे.

लग्न अडलं होतं हे खरं. मलकाचं यांकूशी ठरलं होतं. मुलगा रुमानियाकडचा, बसगाड्या दुरुस्त करायचा, नखांत कायम काळं तेल. मला आवडला, तेल्याला जावई तेलकटच हवा. पण लग्न नोंदायच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, तुम्ही यहुदी कशावरून? मी म्हटलं, शनिवार पाळतो, सुंता करतो, शेमाची प्रार्थना म्हणतो. तो म्हणाला, तुझ्या आईच्या आईच्या आईचा दाखला आण. मी म्हटलं, आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, बुडताना दाखले सोबत घ्यायचं त्यांना सुचलं नाही. कारकुनाला विनोद कळला नाही. एखाद्या वजनदार रब्बीने, धर्मगुरूने, सही करून सांगितलं की ही बाई यहुदी आहे, तरच पुढे बघू म्हणाला. रेब्बे ती सही देणार होते. बरा झालो की देतो म्हणाले होते. ते बरे झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी धाकटे आले. पेसाख त्यांचं नाव. थोरले हुकूम द्यायचे, धाकटे गोड बोलायचे. दोघांपैकी कोण जास्त महाग पडायचं ते सांगता येत नाही. धाकट्यांनी आधी माझ्या सूपची तारीफ केली. ते सूप कोपेलच्या मेहुणीने पाठवलेलं होतं. मग ते कळवळून म्हणाले की कचेरीतला तो कारकून अगदीच बेअक्कल आहे, आपली एक ओळ गेली तर उद्या लग्न लागेल.

“पण ओळ लिहायची तर गादीवर बसलेल्याने लिहायला हवी,” ते म्हणाले. “नुसत्या पेसाखला कोण विचारतं? तुला कळतंय ना, लेया?”

मला कळत होतं. तेव्हा मला सही येत नव्हती, अंगठाच होता, पण बाजारात भाव कळायला अक्षरं लागत नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मलकाला सगळं सांगितलं. ती लग्नाच्या झग्याला टाके घालत होती. दाखला नाही म्हणून झगा थांबवायला ती काही कचेरी नव्हती.

“आई, तुला थोरले आवडतात की धाकटे?”

“दोघेही नाही.”

“मग कुणाचंही नाव घे. तुझं काय जातंय?”

मीही तेच म्हणत होते. थोरल्यांचं नाव घ्यायचं मी नक्की केलं. ते आवडतात म्हणून नव्हे. त्यांचं अक्षर मोठं होतं, कारकुनाला चष्म्याशिवाय दिसलं असतं.

आता चुलीचं एक सांगायचं राहिलं. मी कामाला लागले तेव्हाच कोपेलने अडचण काढली होती. बाई स्वच्छ आहे, हात चांगला आहे, पण हिच्या यहुदीपणाची खात्री कोण देणार? आणि परक्या जातीच्या बाईने रांधलेलं रेब्बे कसं खाणार? मग त्यांच्या शास्त्रातून वाट निघाली. चूल यहुदी माणसाने पेटवली की पुढे रांधणारी कोणीही असो, अन्न शुद्ध. म्हणून ठरलं की रोज सकाळी रेब्बेंची बायको ब्रायनाबाई खाली येऊन काडी ओढेल आणि मग मी भांडं चढवीन. ब्रायनाबाई आल्या, काही दिवस आल्या. मग पहिली थंडी पडली आणि त्यांचे गुडघे धरले. वरूनच त्यांनी हाक मारली, “लेया, तू पेटव गं. मी पेटवली असं समज.” मी समजले. आठ वर्षं समजत राहिले. कोणी मला विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

सुतक उठलं आणि पहिला शब्बाथ आला. त्या दिवशीचं तिसरं जेवण दिवस मावळताना असतं. दिवे लावायचे नाहीत, अंधार होत जातो आणि माणसं गात बसतात. मला ते जेवण आवडायचं. अंधारात सगळेच साधू दिसतात.

बैठकीत लांब टेबल होतं. रेब्बेंची खुर्ची मधोमध, रिकामी. तिच्या डाव्या हाताला थोरले, उजव्या हाताला धाकटे. मी भिंतीतल्या ताटं द्यायच्या खिडकीपाशी उभी होते. माझ्यामागे स्वयंपाकघरात बायका, आणि त्यांच्यात स्टुलावर ब्रायनाबाई. खिडकीतून आम्हाला तिकडचं सगळं दिसायचं. तिकडच्यांनी आमच्याकडे बघायचं नाही असा नियम होता, आणि त्यांची मान दुखेपर्यंत ते तो पाळायचे.

थोरल्यांनी माशाचा एक घास खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं. त्याच वेळी धाकट्यांनीही सरकवलं. माणसं उठली, हात पुढे आले आणि तिथेच थांबले. आयुष्यभर जे ताटावर झेपावत आले, त्यांना कुठे झेपावायचं ते कळेना. चुकीच्या ताटात हात गेला तर नुसता थंड मासाच की तो. दोन ताटं, दोन मासे आणि हवेत लोंबकळणारे ते हात. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा शेजारची माणसं अशीच उभी असतात. आम्ही काही पिंड ठेवत नाही, पण पाहिलेलं आहे.

शेवटी कोपेल खाकरला. म्हणाला, “खोलीत बाई होती. तिला विचारू.”

कोणीतरी कुरकुरला की बाईची साक्ष चालत नाही. कोपेलला शास्त्र पाठ होतं. तो म्हणाला, इतर बाबतीत नाही, पण ताटात काय होतं आणि काय नव्हतं एवढ्यापुरती बाईची साक्ष चालते. शास्त्राने मोठ्या मनाने तेवढं आम्हाला ठेवलेलं आहे.

“लेया,” कोपेल खिडकीकडे पाठ करून म्हणाला, “रेब्बेंनी त्या दुपारी काय खाल्लं?”

“आमटी-भात.”

बैठकीत कुजबुज झाली. हे अन्न कोणत्या पिढीच्या तसबिरीखाली बसवायचं ते कोणाला कळेना. मी समजावलं. त्यांच्यापुढे उकडलेली कोंबडी नेली होती, ती त्यांनी बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, खालून कसला वास येतोय? मी म्हटलं, माझं जेवण आहे. मुगाची आमटी, लसणीची फोडणी, आमसूल. म्हणाले, ते आण.

“मग?” थोरले म्हणाले.

“चमच्याने खाईनात. विचारलं, तू कशी खातेस? मी म्हटलं, हाताने. मग कालवून दिलं आणि ते हाताने जेवले.”

“आणि ताट?” धाकटे म्हणाले. आवाजात अगदी मध. “राहिलेलं ताट त्यांनी कोणासाठी दिलं, लेया? कोणाचं नाव घेतलं?”

झालं. एवढं एक नाव घ्यायचं होतं. मलकाचा झगा तयार होता. थोरल्यांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं नाही सांगत. पण अंधारात मला ते ताट दिसलं. ज्या माणसाने इतकी वर्षं एका घासावर ताट पुढे सरकवलं, तो एकदाच पोटभर जेवला होता. आता मी उष्टं राहिलं म्हटलं, तर त्याच्या पोटातला घास काढून दुसऱ्याच्या तोंडात घातल्यासारखं होतं. कोणाच्या पोटातलं काढायची आमच्या घरात रीत नव्हती.

“काही राहिलं नाही,” मी म्हटलं. “सगळं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. तेही खाल्लं. मग बोटाने ताट पुसून बोट चाटलं.”



“काही बोलले असतील,” कोपेल म्हणाला. तो एवढंच म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

“बोलले. म्हणाले, माझ्या बापाने मला उष्टं दिलं नाही. त्याला कुठे वेळ मिळाला? मी उरलो, म्हणून मी रेब्बे झालो. मग ताट माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, आता हे धुऊन टाक.”

“तू धुतलंस?”

“धुतलं.”

इथे थोरले उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडून सरळ खिडकीकडे पाहिलं. म्हणाले की ड्रोशिनच्या गादीचा निकाल एका अशा बाईच्या तोंडून ऐकायचा, जिच्या आजीचा पत्ता नाही. कुठल्या समुद्रातून आली, कुणाची कोण. कचेरीतला कारकून काही उगाच विचारत नाही. धाकट्यांनी मान हलवली. वडील गेल्यापासून दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे.

मलकाचं लग्न माझ्या डोळ्यांपुढून यांकूच्या एखाद्या बसमध्ये बसून निघून गेलं.

तेवढ्यात माझ्यामागे स्टूल करकरलं. ब्रायनाबाई उठल्या. त्या गुडघ्यांना उठणं म्हणजे लग्नाची वरात काढण्याएवढं काम होतं. खिडकीची चौकट धरून त्या म्हणाल्या, “गेर्शोन, ही यहुदी नसेल, तर मला एक सांग. चूल कोण पेटवत होतं?”

“तू, आई.”

“मी? हे गुडघे घेऊन? पहिल्या थंडीपासून मी त्या जिन्यावरून सकाळची उतरलेली नाही. आठ वर्षं काडी हिनेच ओढली.”

बैठकीत किती माणसं मनात हिशेब करत होती ते अंधारातही ऐकू येत होतं. आठ वर्षांचे शब्बाथ. मासे, कोंबड्या, सूप. रुमालात बांधून घरी नेलेले काटे. आजारी पोरांना पाण्यात कालवून पाजलेले कण. ही बाई परकी ठरली, तर ते सगळं अन्न निषिद्ध. आणि ज्यांनी ते पहिल्यांदा तोंडात घातलं ते रेब्बेही त्यात.

“वडिलांना माहीत होतं?” धाकट्यांनी विचारलं. मध संपला होता.

“मी खाली येणं सोडलं त्याच आठवड्यात त्यांना सांगितलं,” ब्रायनाबाई म्हणाल्या. “ते म्हणाले, मासा चांगला झालाय.”

मग ड्रोशिनच्या घराण्यात चमत्कार झाला. नदी मागे गेली तो पहिला, हा दुसरा. थोरले म्हणाले की या बाईच्या यहुदीपणाबद्दल कधी शंका नव्हतीच. धाकटे म्हणाले की शंका घेणं हेच पाप. थोरले म्हणाले, बेने इस्राएल म्हणजे किती जुने लोक, आपल्याहून जुने. मागून एकजण ओरडला की हिच्या चेहऱ्यावरच दिसतं. शनिवारी लिहायला बंदी, म्हणून सगळे आकाशाकडे डोळे लावून बसले. तारे दिसले, शब्बाथ सुटला, आणि कोपेल दौत घेऊन पळत आला. आधी थोरल्यांनी सही केली. मग धाकट्यांनी, थोड्या मोठ्या अक्षरात. मग थोरल्यांनी आपल्या सहीखाली एक रेघ ओढली. मी अंगठा उठवला. दोघा भावांच्या सह्या एकत्र असलेला त्या गादीचा तेवढा एकच कागद आहे, आणि तो एका तेलिणीच्या पेटीत आहे.

कारकुनाने तो चष्मा लावून वाचला आणि उठून उभा राहिला. मलकाचं लग्न लागलं. यांकूने लग्नातसुद्धा नखं काढली नव्हती.

गादीच्या अर्थातच दोन झाल्या. थोरली पाती तिथेच राहिली, धाकटी दोन रस्ते पलीकडे गेली. दोन्हीकडे आता या दुपारची कथा सांगतात. थोरल्यांकडे म्हणतात, पिढी नालायक निघाली म्हणून रेब्बेंनी आपलं उष्टं आपणच खाऊन टाकलं. धाकट्यांकडे म्हणतात, त्या दिवशी खोलीत हिंदुस्थानी बाईच्या वेषात स्वतः एलियाहू संदेष्टा, वेष पालटून माणसांत फिरणारा तो दाढीवाला, आला होता. म्हणजे एका पातीत मी साक्षीला आहे आणि दुसऱ्या पातीत संदेष्ट्यांच्या पंगतीला. अजून तरी मला दाढी दिलेली नाही.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी सह्या झाल्यावर माणसं गेली, बायका गेल्या, आणि मी भांडी विसळायला घेतली. ब्रायनाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत.

“खरंच बोटाने पुसलं?” त्यांनी विचारलं.

“खरंच.”

“दुसऱ्यांदा मागितलं?”

“हो.”

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रडतायत, पण त्या वेळी घरात कोणी कांदा चिरत नव्हतं. मग म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून तू येईपर्यंत मी त्यांच्यासाठी रांधलं. एक घास, की ताट निघालं बाहेर. आमच्या खोलीत जेवायला दिलं तरी दारात कोपेल उभा. सगळ्या गावाने माझ्या हातचं खाल्लं गं. त्यांनी नाही.”

मी हातातलं ताट विसळून ठेवलं.

“ती आमटी,” त्या म्हणाल्या. “आहे?”

“नाही. करते.”

“कर,” म्हणाल्या, आणि उठू लागल्या. मी म्हटलं, कशाला उठता, गुडघे दुखतील. त्यांनी माझा हात बाजूला केला, शेगडीपाशी आल्या आणि काड्यापेटी उचलली.

“आज मी पेटवते,” म्हणाल्या.